सामियाच्या वजनाची गाडी

रविवार, ११ जून

आजपासून नियमित रोजनिशी. मागची वही एप्रिलात बंद पडली, कारण एप्रिलात लिहिण्याजोगे काही घडले नाही असे मी ठरवले.

सद्यःस्थिती. सामिया तीन आठवड्यांपूर्वी तिच्या बहिणीकडे, नज्लाकडे, राहायला गेली. कारण निव्वळ स्थापत्याचे. आमचे घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट विजेच्या मर्जीवर. नज्लाचे घर तळमजल्यावर, इस्पितळापासून पाच मिनिटांवर. यातून दुसरा काही अर्थ काढण्याची गरज नाही.

एक सोडून एक सोमवारी तिला इस्पितळात न्यावे लागते. पहिल्या सोमवारी मीच नेले, माझ्या सत्त्याऐंशीच्या पोर्शेमधून. बेकरीजवळच्या स्पीडब्रेकरवर तिने पुढच्या फळीवर हात टेकला आणि म्हणाली, जरा थांब. थांबलो. मागच्या सात-आठ गाड्यांनी हॉर्नवर बोट ठेवून आमची चौकशी केली. त्यानंतर ती नज्लाच्या नवऱ्याच्या, म्हणजे तौफीकच्या, भाजीच्या व्हॅनमधून जाते. कांद्याच्या वासात.

निदान स्पष्ट आहे. गाडी कडक आहे. उपाय: टायर आणि सस्पेन्शन. मुदत: १४ सप्टेंबर, सलीबचा, म्हणजे क्रुसाचा, सण. त्या संध्याकाळी बस्किंतामध्ये तिच्या माहेरच्या गच्चीवरून डोंगराडोंगरावरच्या शेकोट्या दिसतात. परवा म्हणाली, या वर्षी शेकोट्या बघायच्या आहेत मला. मी म्हणालो, मी नेतो. कुठल्या गाडीतून, तिने विचारले. आपल्या, मी म्हणालो. ती छताकडे बघत राहिली. ही संमती समजतो.

तीन महिने हातात आहेत. चौतीस वर्षे मी तीन-तीन महिन्यांत दगडांना अरबी व्याकरण शिकवले. चार चाके म्हणजे काय.

मंगळवार, १३ जून

बुर्ज हम्मूदला उस्ताद बेद्रोसच्या गॅरेजात. बेद्रोस आर्मेनियन आहे. तीन पिढ्या बैरुतेत काढूनही त्याच्या घराण्याने स्त्रीलिंग-पुल्लिंग हा भेद मान्य केलेला नाही. वैयाकरणाच्या नशिबी असा मेकॅनिक यावा हे कुठल्यातरी पापाचे प्रायश्चित्त असणार. पण हात सोन्याचा.

त्याने टायरमध्ये नख रुतवायचा प्रयत्न केला. रुतले नाही. कधीचे आहेत, विचारले. मी म्हणालो, नक्षी शाबूत आहे. तो उकिडवा बसला, टायरच्या कडेवरचे चार आकडे चष्मा वर करून वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दोन हजार सहा.

“मास्तर, हा टायर पाचवीत गेली.”

मी त्याला समजावले की गाडी सदैव सावलीत असते. तो म्हणाला, कलिंगडसुद्धा सावलीतच ठेवतात.

गुरुवार, १५ जून

पूर्वपीठिका नोंदवून ठेवतो. १९९८ साली डोंगरचढणीच्या शर्यतीसाठी मी या गाडीला कडक स्प्रिंगा बसवल्या. बारा जणांत अकरावा आलो. बारावा कठड्याला टेकून थांबला होता, पण नियमाप्रमाणे तो मागेच.

त्या स्प्रिंगा म्हणजे गाडीचे चारित्र्य. चारित्र्य बदलून कुणाचे भले झाल्याचे ऐकिवात नाही. निर्णय: स्प्रिंगांना हात लावायचा नाही. फक्त टायर बदलायचे.

सोमवार, १९ जून

सामियाचा सोमवार. मी व्हॅनच्या मागोमाग जाणार होतो, पण बेद्रोसला आज सकाळीच सवड होती. दुपारी नज्लाचा फोन. तू येणार होतास, म्हणाली. मी तिला मागच्या चाकांच्या दांड्यांची रचना थोडक्यात सांगत होतो, तेवढ्यात फोन कट झाला. त्या भागात नेटवर्क फार खराब आहे.

शनिवार, २४ जून

टायरचे दोन पर्याय उरले. (अ) स्पोर्ट. वळणावर रस्ता सोडत नाहीत. (ब) लांबच्या प्रवासाचे, मऊ. पेन्शनर आणि दंतवैद्य वापरतात. दोन्ही माहितीपत्रके सामियाला दाखवायला नेली. गृहस्थाने पत्नीचे मत घ्यावे.

ती ओसरीवर परातीत मुलूखियाची पाने खुडत होती. पाच-सहा पाने खुडायची, की हात परातीत तसाच ठेवायची. यातला आवाज कमी कुणाचा, तिने विचारले. आवाज हा निकषच नाही, मी सांगितले. मग जेवलास का, विचारले. या दोन प्रश्नांचा परस्परसंबंध लागला नाही.

(अ) ठरवले.

मंगळवार, ४ जुलै

नवे टायर बसले. काल सोमवार होता. सामियाचे सगळे व्यवस्थित झाले असावे. उलट काही ऐकले नाही.

चाचणी. शेजारच्या सीटवर काठोकाठ दह्याचे पातेले ठेवून बेकरीवरून गेलो. पातेले जागच्या जागी राहिले. दही राहिले नाही. दही पातळ होते. घट्ट दह्याने वेगळा निष्कर्ष आला असता.

गुरुवार, ६ जुलै

गाडीला वास.

रविवार, ९ जुलै

प्रांजळपणे विचार केला. चारित्र्य मऊही असू शकते. निर्णय: स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर, दोन्ही नवे, मऊ.

बेद्रोसची पद्धत अशी: गाडी चार वजनकाट्यांवर चढवतो, प्रत्येक चाकाखाली एक. मग रोज गाडीत जेवढे वजन बसते तेवढे वजन सीटवर ठेवतो आणि त्या भारासकट उंची, चाकांचे कोन, सगळे जुळवतो. रिकाम्या गाडीचे माप खोटे असते, म्हणतो. हे मला पटले. संदर्भावाचून शब्दाला अर्थ नसतो.

एकटा की दोघे, त्याने विचारले. दोघे, अर्थात. बाई किती किलो?

चौसष्ट, मी सांगितले. हा आकडा १९९४ मध्ये औषधाच्या दुकानातल्या यंत्राने दिला होता आणि सामियाने त्याच्याशी वादही घातला होता, म्हणजे खराच असणार.

चौसष्ट किलो कुठून आणायचे? घरी जाऊन थोरला अरबी कोश आणला. पंधरा खंड, दोन-दोन किलोचे. त्यावर बेद्रोसच्या बायकोची बुरगूलची पंचवीस किलोची गोणी, वर नऊ किलो पाने-पकडी. शेजारच्या सीटवर हे सगळे पट्टा लावून बसवले. विद्या, अन्न आणि अवजारे. सामियाचे वर्णन म्हणून वाईट नाही. तिला फोन करून सांगितले. ती हसली, मग खोकला आला, मग नज्लाने फोन घेतला.

सोमवार, १७ जुलै

आज स्वतः इस्पितळात गेलो. कर्तव्य.

तिथेही आधी वजन करतात. औषधाची मात्रा त्यावर ठरते. म्हणजे बेद्रोसचेच शास्त्र. सामिया काट्यावर उभी राहिली, एक हात नज्लाच्या खांद्यावर. नर्सने तो हात खाली घ्यायला सांगितला आणि आकडा मोठ्याने वाचला. एक्कावन्न.

मी तो टायरच्या माहितीपत्रकामागे लिहून घेतला. नर्सला माझा काटेकोरपणा आवडला असावा. नातेवाईक का, म्हणाली. होय, म्हणालो.

चूक सर्वस्वी माझी. जुना संदर्भग्रंथ वापरला. तेरा किलोंचा फरक म्हणजे सगळी जुळणी वाया.

तिला आत नेले. चार तास लागतील म्हणाले. चार तासांत बुर्ज हम्मूदला जाऊन येता येते. गेलो.

सहा खंड आणि एक किलोचा पाना काढला. बेद्रोस म्हणत होता, तेरा किलोने गाडीला काही फरक नाही, मास्तर. मी म्हणालो, मला पडतो. तो हातातला पाना पुसू लागला. पाना स्वच्छ झाला तरी पुसतच राहिला.

परत पोचेपर्यंत ते लोक निघून गेले होते. रस्त्यात गर्दी होती.

शनिवार, २२ जुलै

बेद्रोसचा नवा सिद्धान्त: माझी सोळा इंची चाके काढून मूळची पंधरा इंची बसवावीत. चाक लहान, तेवढे रबर जास्त. रबर हीच पहिली स्प्रिंग. त्यासाठी टायर पुन्हा नवे. (ब). दंतवैद्यांचे.

दोन दिवस विचार केला. सोळा इंचांसाठी मी एकेकाळी सामियाशी आठवडाभर अबोला धरला होता. तिला दिवाणखान्याचे पडदे हवे होते.

स्वाभिमान एक इंचाने कमी केला. पंधरा.

शनिवार, ५ ऑगस्ट

विजय. पातेले, काठोकाठ दही (घट्ट नाही, कुणाला आक्षेपाला जागा नको), बेकरीचा स्पीडब्रेकर. एक थेंब नाही. समुद्रकिनारी गाडी थांबवून दही खाल्ले.

तसाच सामियाला सांगायला गेलो. झोपली होती. दुपारी झोपते हल्ली, नज्ला म्हणाली, सकाळीही. दहा मिनिटे थांबलो. तिचे मनगट चादरीवर होते आणि बांगडी कोपरापर्यंत घसरली होती. बांगड्या उन्हाळ्यात सैल होतात. नवे माहितीपत्रक उशाशी ठेवून आलो.

सोमवार, १४ ऑगस्ट

आनंदाची बातमी. सोमवार बंद झाले. डॉक्टरांनी सांगितले, आता येण्याची गरज नाही. म्हणजे त्यांचे काम झाले. मी नज्लाला तसे म्हणालो. तिने मला स्वयंपाकघरात नेले, दार लोटले आणि सगळे समजावून सांगितले. मी आवश्यक तेवढे समजून घेतले. म्हणालो, चला, औषधाचा त्रास तरी संपला. तिने नळ सोडला आणि भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

निघताना सहज वजन विचारले. ती पाठमोरीच होती. चव्वेचाळीस.

बुधवार, १६ ऑगस्ट

बेद्रोसकडे. मी दार उघडून तीन खंड काढले आणि एक किलोचा एक पाना काढून तो ठेवायला जागा शोधू लागलो. त्याने माझ्या हातातून पाना घेतला.

“मास्तर, गोणी काढ. पुस्तक काढ. बाई आण.”

मी म्हणालो, चौदा सप्टेंबरला येणारच आहे.

“आज आण. तो बसला की मला कळेल. गोणीला कुठे दुखतो?”

मी त्याची लिंगे दुरुस्त केली. ‘ती’ बसली. गोणीला कुठे ‘दुखते’. तो गाडीखाली गेला. तिथून त्याचा आवाज आला की चव्वेचाळीसचे करून ठेवतो, संध्याकाळी ये.

चांगला माणूस, पण भावनाप्रधान. याने कामावर परिणाम होतो.

शनिवार, २ सप्टेंबर

आज सामियाकडे जाणार होतो. पण शॉकॲब्सॉर्बर दोन खटके अजून सैल हवेत असे पहाटे लक्षात आले. संकल्प: उद्यापासून रोज जायचे.

रविवार, ३ सप्टेंबर

एका बाजूला एक खटका जास्त झाला होता.

रविवार, १० सप्टेंबर

सामियाकडे. गाडीची सगळी हकिकत अथपासून सांगितली. ती डोळे मिटून ऐकत होती. स्प्रिंगांपाशी आलो तेव्हा तिने माझ्या हाताचा काळा अंगठा हातात घेतला आणि नख बघत बसली. म्हणाली, हे ग्रीस लिंबाने निघतं. मी म्हणालो, चौदा तारखेनंतर काढू. तौफीक बाहेरून म्हणाला, व्हॅनमध्ये गादी टाकली की झालं, दाजी, तिला आडवं होता येईल. मी त्याला सांगितले की गादी ही सस्पेन्शनची कबुली आहे. त्याला समजले नाही.

गुरुवार, १४ सप्टेंबर, संध्याकाळी ५

सिद्ध.

दुपारी बाराला निघालो. तौफीकने तिला उचलून सीटवर ठेवले; सीट फार खाली आहे, हे मान्य. व्हॅन सामान घेऊन पुढे, आम्ही मागे. अंतल्यासला वर वळलो, बिकफायाच्या वळणांना लागलो. स्पीडब्रेकर एकतीस. खड्डे मोजले नाहीत. एकदाही फळीवर हात नाही. एकदाही थांब नाही. ती झोपून गेली. खरोखर झोपली, तोंड किंचित उघडे, डोके माझ्या बाजूला. माझ्या गाडीत आजवर कुणी झोपलेले नाही. मी गिअर इतके हळू बदलत होतो की मागच्या बसवाल्याने खिडकीतून माझ्या आईची आठवण काढली. मी त्याला हात केला.

बस्किंताला अंगणात गाडी थांबली तेव्हा तिने डोळे उघडले. “निघालो का आपण?”

पोचलो, मी म्हणालो. तिने सफरचंदाची झाडे बघितली. बराच वेळ बघितली.

बेद्रोसला फोन करून अभिनंदन केले.

तीच तारीख, ६.३०

नज्लाला एकतीस स्पीडब्रेकरांचे सांगितले. ती सफरचंद सोलत होती. म्हणाली, सकाळी नर्स येऊन दंडावरची पट्टी बदलून गेली, दुखण्यावरची. डबल लावली. “सिमेंटच्या ट्रकमधून आणली असतीस तरी झोपली असती, फुआद.”

टोचून नाही म्हणाली. तारीख सांगावी तशी म्हणाली. मग सफरचंदाची एक फोड मला दिली. खाल्ली.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

काल सामियाला खुर्चीसकट गच्चीवर नेले. पुढून तौफीक, मागून मी. चव्वेचाळीस नव्हते. मला आता काट्याशिवाय कळते.

शेकोट्या पेटल्या. समोरच्या डोंगरावर एक, मग खालच्या वाडीत तीन, मग मठाच्या वर. ती मोजत होती. सातावर थांबली, नाक वर केले.

“पलीकडच्या पोरांनी टायर जाळलेत. वास येतोय.” आणि माझ्याकडे वळून, “तुझे चारही खाली आहेत ना? जा, बघून ये.”

नज्ला हसायला लागली. तौफीकही. मी उठून कठड्यावरून वाकून बघितले. चारही होते. चारही आहेत, असे सांगितले. मग ती हसली. खोकला न येता.

शनिवार, १६ सप्टेंबर

परतीची तयारी. पहाटे उठून टायरची हवा तपासली. उतारावर भार पुढच्या चाकांवर येतो, याचा विचार बेद्रोसने आणि मी ऑगस्टातच केला होता. आणलेली पिशवी भरली, औषधे वरच्या कप्प्यात ठेवली, दार उघडून तिच्या सीटवर उशी ठेवली. मग तिला घ्यायला आत गेलो.

ती तिच्या आईच्या पलंगावर होती, भिंतीला टेकून.

“मला खाली जायचं नाही, फुआद.”

मी म्हणालो, उताराची काळजी करू नकोस. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे सांगितले, हवेचा दाब सांगितला, पट्टी नवी लावून घेऊ म्हणालो, सावकाश जाऊ, तीन तास लागू देत, पाच लागू देत. तिने सगळे ऐकून घेतले. वर्गात मन लावून ऐकणारी एखादीच मुलगी असते, तशी.

“गाडी छान झालीय,” ती म्हणाली. “मी इथंच राहते. तुला जायचं तर जा.”

तीन महिने वर नेण्याची आणि खाली आणण्याची तयारी केली. जुळणीत या शक्यतेचा विचार केलेला नव्हता.

बाहेर येऊन सीटवरची उशी काढली. पुन्हा आत नेऊन दिली. नज्लाने ती तिच्या पाठीशी लावली.

रविवार, १७ सप्टेंबर

गेलो नाही.

बुधवार, २० सप्टेंबर

सफरचंदे उतरवायला लागले. अंगणात पेट्या रचायच्या, गाडी मध्ये येते. तौफीकने गाडी भिंतीकडे घ्यायला सांगितले. मी आत होतो. किल्ली त्याच्याकडे दिली. तीस वर्षांत ही किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली नव्हती. कशी चालली, हे विचारायचे राहून गेले.

दिवसभर खोलीत. खिडकी उघडी, पेट्यांवर खिळे ठोकल्याचा आवाज. लिहिण्यासारखे काही केले नाही. खुर्ची पलंगाला लावून बसलो होतो. ती मधेच जागी व्हायची, मी आहे का ते बघायची आणि परत झोपायची.

असे चार वेळा झाले.